पृच्छा, संहिता आणि सत्ताशास्त्र

१

साहित्याचा इतिहास लिहिण्याऐवजी तो विचारून घ्यावा, अशी एक नवी श्रद्धा अलीकडे रूढ होऊ लागली आहे. तिचे प्रतिपादन साधारणपणे असे असते : ग्रंथ, ग्रंथकार, काळ, भाषा, वाङ्मयप्रकार यांविषयीची विधाने यंत्राला उमगतील अशा रीतीने एकत्र साठवलेली आहेत, योग्य रीतीने पृच्छा केली की उत्तर मिळते, या उत्तरात इतिहासकाराची आवडनिवड, त्याची जात, त्याचे शहर, त्याचा संप्रदाय यांपैकी काहीही मिसळलेले नसते. म्हणजे वाङ्मयेतिहास अखेर पूर्वग्रहमुक्त झाला. या श्रद्धेच्या समोर मराठी समीक्षेतील एक जुनी उदासीनता उभी आहे. साहित्य हे अनुभवाचे क्षेत्र असून यंत्राच्या प्रश्नोत्तरांशी त्याला कर्तव्य नाही, असे म्हणून ती या साऱ्या व्यवहाराकडे पाठ फिरवते. या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : पृच्छा ही तांत्रिक बाब आहे, वाङ्मयीन नव्हे. हे गृहीतकच चुकीचे आहे.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. १९९९ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 'आरडीएफ' ही विधानलेखनाची पद्धती प्रमाणित केली. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखात 'सिमँटिक वेब'ची कल्पना मांडली. २००४ मध्ये 'आऊल' ही ऑन्टॉलॉजी मांडण्याची भाषा आणि २००८ मध्ये 'स्पार्कल' ही पृच्छेची भाषा सिद्ध झाली. २०१२ मध्ये विकिडेटा सुरू झाला आणि २०१५ पासून त्याला सार्वजनिक पृच्छासेवेची जोड मिळाली. या व्यवस्थेत सर्व ज्ञान त्रिपदी विधानांत मोडले जाते : उद्देश्य, संबंध आणि विषय. 'गोलपिठा', लेखक, नामदेव ढसाळ, असे एक विधान. पृच्छा म्हणजे हेच विधान, फक्त त्यातील एक वा अधिक पदे रिकामी ठेवलेली. 'गोलपिठा', लेखक, आणि पुढे प्रश्नचिन्ह. यंत्र साठ्यातील विधाने त्या साच्याशी जुळवून पाहते आणि रिकामी जागा भरून परत देते. कोणते संबंध मुळात संभवतात, कोणत्या गोष्टी कोणत्या वर्गात मोडतात, हे ठरवणारा जो आराखडा त्यालाच 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. १९९३ मध्ये टॉम ग्रुबर यांनी तिची जी प्रसिद्ध व्याख्या केली, तिचा आशय असा की एखाद्या क्षेत्राविषयीच्या संकल्पनांची जुळणी सुस्पष्टपणे नमूद करणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. तत्त्वज्ञानातील सत्ताशास्त्र 'काय आहे?' असे विचारते. संगणकावरील सत्ताशास्त्र 'कशाला असू द्यायचे?' हे ठरवते. साहित्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे साहित्याचा सिद्धान्त मांडणे होय, मग तो मांडणाऱ्याला तसे वाटो वा न वाटो.

२

एक साधी पृच्छा घ्यावी. मराठी भाषेतील साहित्यकृती आणि त्यांचे लेखक यांची यादी हवी आहे. पृच्छा तीन ओळींची होते : अमुक वस्तू ही साहित्यकृती आहे, तिची भाषा मराठी आहे, तिचा लेखक अमुक आहे. यात कोणाचा पूर्वग्रह आला, असे विचारले जाईल. तो तिसऱ्या ओळीत आला. स्पार्कलच्या नियमानुसार साच्यातील प्रत्येक ओळ जुळली तरच वस्तू उत्तरात येते. जिच्यापुढे लेखकाचे विधानच नाही, ती कृती उत्तरात रिकाम्या रकान्यासह येत नाही. ती येतच नाही. तिच्या गळण्याची सूचनाही मिळत नाही. यादी पूर्ण दिसते, नीटनेटकी दिसते आणि तिच्यातून जात्यावरची ओवी, भोंडल्याचे गाणे, वासुदेवाची गाणी, उखाणे हे सारे निःशब्दपणे वगळलेले असते.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या संगणकावर वर्गीकृत करून ठेवल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावरून त्या प्रसिद्ध होत आहेत. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. परंतु ती गाणारी त्या ओवीची लेखिका आहे काय? तिने ती आईकडून, सासूकडून, जात्याच्या पलीकडे बसलेल्या बाईकडून घेतली; एक शब्द बदलला, एक नाव घातले, आणि पुढे दिली. तिला लेखिका म्हटले तर परंपरा खोटी ठरते. लेखक अज्ञात म्हटले तर ती गाणारी खोटी ठरते, कारण 'अज्ञात' या शब्दात कोणीतरी एक ज्ञात होऊ शकला असता असे गृहीत असते. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये लेखक हे व्यक्तीचे नाव नसून संहितांच्या व्यवस्थापनाचे एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले होते. मराठी समीक्षेने १९८० नंतर या प्रतिपादनाची पुष्कळ चर्चा केली. ज्या व्यवस्थेत हे 'लेखक-कार्य' एका ओळीच्या आज्ञेत रूपांतरित होऊन प्रत्यक्ष संहिता आत घेते किंवा बाहेर ठेवते, तिच्याकडे मात्र त्या चर्चेने क्वचितच वळून पाहिले.

येथे आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. त्याच पृच्छेत लेखकाच्या ओळीपूर्वी 'ऑप्शनल' हा एक शब्द घातला की लेखकाविना असलेल्या कृतीही उत्तरात येतात. एका शब्दाने लोकसाहित्य अस्तित्वात येते आणि त्याच्या अभावी नाहीसे होते. हा शब्द घालायचा की नाही, हे यंत्र ठरवत नाही. ते पृच्छा लिहिणारा ठरवतो. तो निर्णय व्याकरणाचा दिसतो, पण साहित्य म्हणजे काय या प्रश्नाचे ते उत्तर असते.

अभावाविषयीचा घोटाळा तर याहून गंभीर आहे. आऊलच्या तर्कशास्त्रात एखादे विधान साठ्यात नसणे म्हणजे ते असत्य असणे नव्हे. जग उघडे आहे, अजून पुष्कळ काही नोंदवायचे राहिले आहे, असे त्यात गृहीत धरले जाते. हा विनय स्तुत्य आहे. परंतु पृच्छेच्या भाषेत 'जे नाही ते दाखव' असेही विचारता येते, आणि तेथे 'नाही' याचा अर्थ 'या साठ्यात नाही' एवढाच असतो. ज्यांच्या नावावर एकही कृती नाही अशा संतकवयित्रींची यादी मागितली तर ती क्षणार्धात मिळेल. त्या यादीचा अर्थ एवढाच की या स्त्रियांचे अभंग नोंदवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पण पुढे एखाद्या प्रबंधात तीच यादी 'ज्यांनी काही रचले नाही' अशा स्त्रियांची यादी होऊन बसली, तर त्या रूपांतराचा जबाबदार कोण? नोंद करणाऱ्यांचा आळस संतकवयित्रींच्या मौनात जमा करणारी ही रीत तटस्थ म्हणता येणार नाही.

३

आता काळाचा प्रश्न. मराठीतील आद्य ग्रंथ कोणता, हा वाद मराठी वाङ्मयेतिहासाइतकाच जुना आहे. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा परंपरेने सांगितला जातो. त्या उल्लेखाच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' इ. स. १२७८ च्या सुमाराचे मानले जाते. 'ज्ञानेश्वरी'चा शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०. पृच्छा करणारा मात्र एक आज्ञा देतो : मराठी कृती काळानुसार लावा आणि पहिली दाखवा. एक उत्तर येते. वाद मिटतो. प्रत्यक्षात तो मिटलेला नसतो. तो पृच्छेच्या बाहेर ठेवलेला असतो.

हे कसे घडते ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. विकिडेटामध्ये एकाच गोष्टीविषयी परस्परविरोधी विधाने शेजारी शेजारी ठेवता येतात आणि प्रत्येकाला श्रेणी देता येते : अग्रक्रमाचे, सामान्य आणि त्याज्य. प्रत्येक विधानाला आधारग्रंथ जोडता येतो. ही रचना इतिहासाच्या दृष्टीने निश्चितच प्रगल्भ आहे. परंतु पृच्छा लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. आखूड मार्गाने विचारले तर त्याज्य विधाने कधीच येत नाहीत, आणि एखादे विधान अग्रक्रमाचे ठरवले असेल तर तेवढेच येते. बाकीची जणू कोणी केलीच नव्हती. लांब मार्गाने विचारले तर सर्व विधाने, त्यांच्या श्रेणी आणि त्यांचे आधार यांसह वाद समोर येतो. शिकवणाऱ्या पुस्तिका स्वाभाविकपणे आखूड मार्गाने सुरुवात करतात, आणि बहुसंख्य पृच्छक तेथेच थांबतात. उत्तरात एकमत दिसते ते साहित्यजगतात एकमत आहे म्हणून नव्हे, तर मतभेद विचारण्याचे कष्ट वाचवले म्हणून.

तारखेची गोष्टही तशीच. साठ्यात 'तेरावे शतक' असे अचूकतेच्या निर्देशासह लिहिता येते. पण साध्या पृच्छेच्या उत्तरात तो निर्देश येत नाही. येते ती एक पूर्ण तारीख, कुठल्यातरी वर्षाची १ जानेवारी. 'सुमारास' हा शब्द मराठी वाङ्मयेतिहासातील सर्वांत प्रामाणिक शब्द आहे. पृच्छेने तो गाळला, आणि एका शतकाच्या अनिश्चिततेला एका दिवसाची खोटी निश्चिती दिली. या तारखांवरून पुढे आलेख काढले जातात. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये मांडलेल्या 'दूरवाचना'च्या कल्पनेला या आलेखांमुळे मोठे बळ मिळाले आहे. दूरवाचनाला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. पण दूरवरून जे पाहायचे ते आधी कोणी, कोणत्या चाळणीतून गाळून ठेवले, याची चौकशी न करणारे वाचन दूरचे नसते, आंधळे असते.

या संदर्भात 'लीळाचरित्रा'ची आठवण आवश्यक ठरते. परंपरेनुसार मूळ संहिता आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. स्मरणे एकसारखी नव्हती. संपाद्यांनी काय केले? त्यांनी एकच पाठ खरा मानून बाकीचे पुसले नाहीत. कोणाच्या आठवणीप्रमाणे लीळा कशी घडली, तो फरक 'वासना' या संज्ञेने संहितेतच नोंदवला. 'शोध' म्हणूनही नोंदी ठेवल्या. एका विधानामागे एक साक्षीदार, आणि दोन साक्षीदारांत विरोध असेल तर दोघेही हजर. आधारासह विधान करण्याची ही शिस्त मराठी गद्याच्या उगमापाशीच आहे. ज्या भाषेच्या पूर्वसूरींना हे उमजले होते, त्या भाषेच्या समीक्षेने आज पृच्छेचे उत्तर आधाराविना स्वीकारावे, किंवा ते तंत्रज्ञांचे काम म्हणून सोडून द्यावे, ही परंपरेशी केलेली प्रतारणा आहे.

४

वर्गीकरणाचे राजकारण नवे नाही. १८७६ मध्ये मेल्विल ड्युई यांनी जी दशांशपद्धती प्रसिद्ध केली तिच्यानुसार इंग्रजी साहित्याला ८२० हा सबंध विभाग मिळाला, आणि मराठी साहित्य आजही ८९१.४६ या अपूर्णांकात नांदते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडून एका वस्तूला एकच जागा असते या कल्पनेला आव्हान दिले. सिमँटिक वेबने तर फळीच काढून टाकली; एक कृती हव्या तितक्या संबंधांनी हव्या तितक्या वस्तूंशी जोडता येते. या मुक्तीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु फळी गेली म्हणून सीमा गेल्या असे होत नाही. त्या आता संबंधांच्या यादीत जाऊन बसल्या आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पाहावे. कवी जन्माने इंग्रज, वृत्तीने जेझुइट. स्थळ पोर्तुगीज सत्तेखालील गोवा. १६१६ मधील मुद्रण रोमी लिपीत. भाषा मराठी, पण कोंकणीच्या संस्काराने युक्त. पृच्छेत 'भारतीय लेखक' ही अट घातली की ते बाहेर जाते. देवनागरीची अट घातली की बाहेर जाते. भाषेचे एकच मूल्य मानले की एका भाषेच्या इतिहासातून ते बाहेर जाते. ज्या ग्रंथाने मराठीच्या सीमा विस्तारल्या, तो प्रत्येक 'स्वच्छ' पृच्छेत सीमेबाहेर पडतो. याचा निष्कर्ष असा की पृच्छेची स्वच्छता ही बहुधा विषयाच्या अज्ञानातून येते.

याहून तीव्र उदाहरण दलित साहित्याचे आहे. दलितांनी लिहिलेले ते दलित साहित्य, की दलितांविषयी लिहिलेले, की दलित जाणिवेतून लिहिलेले? या प्रश्नावर मराठीत कैक वर्षे वाद झाला. पृच्छा लिहिणाऱ्याला हा वाद टाळता येत नाही, फक्त लपवता येतो. वाङ्मयप्रकाराच्या संबंधाने विचारले तर एक यादी येईल, चळवळीच्या संबंधाने विचारले तर दुसरी, लेखकाच्या सामाजिक गटाच्या संबंधाने विचारले तर तिसरी. बाबुराव बागुलांचा १९६३ चा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह चळवळीच्या नामकरणाला अनुसरून लिहिला गेलेला नाही. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची 'फकिरा' कोठे ठेवावी याविषयी एकवाक्यता नाही. तीन यादींपैकी कोणतीही एक 'दलित साहित्य' या नावाने सादर झाली, की तीन भूमिकांपैकी एक भूमिका निर्णायक ठरवली गेली, आणि तीही वादात न उतरता.

५

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला उत्साही पक्षाचा : उणिवा आराखड्याच्या नाहीत, नोंदींच्या आहेत, आराखडा विस्तारता येतो, नवा संबंध सुचवता येतो, चूक कोणीही दुरुस्त करू शकतो. हे खरे आहे. विकिडेटात नवा संबंध निर्माण होण्यापूर्वी त्याच्या आवश्यकतेविषयी जाहीर चर्चा होते. परंतु या युक्तिवादानेच तटस्थतेचा दावा कोसळतो. जे चर्चेने ठरते ते कोणाच्या तरी भूमिकेतून ठरते. आणि चर्चेत जो नसतो त्याच्या वतीने दुसरे ठरवतात. ग्रंथालयशास्त्रात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एफआरबीआर' आराखड्यात कृती, तिची अभिव्यक्ती, तिचे प्रकाशित रूप आणि प्रत्यक्ष प्रत अशी चार पायऱ्यांची कल्पना आहे. त्यात आधी एका निर्मात्याची अमूर्त कृती आणि मग तिचे आविष्कार असा क्रम गृहीत आहे. तुकारामांच्या अभंगाला हा क्रम कसा लावायचा? वह्या, फडांचे पाठ, शंकर पांडुरंग पंडितांनी सिद्ध केलेली १८६९ आणि १८७३ ची मुद्रित गाथा आणि कीर्तनात उभा राहणारा अभंग, यांत 'कृती' कोणती आणि 'अभिव्यक्ती' कोणती? हा प्रश्न ग्रंथपालाने एकट्याने सोडवायचा नाही. तो संहितासमीक्षेचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप उदासीन पक्षाचा : हे सारे मोजदादीचे व्यवहार आहेत, रसिकाला त्यांचे काय? या पक्षाने एवढे ध्यानात घ्यावे की वाङ्मयेतिहासाचे प्रत्येक प्रकरण ही एक पृच्छाच असते. 'नवकाव्य', 'ग्रामीण कथा', 'साठोत्तरी', 'पंडिती काव्य' या शीर्षकांखाली कोण आले आणि कोण राहिले, हे कुठल्यातरी अटींनी ठरले. फरक इतकाच की त्या अटी कधी लिहून ठेवल्या गेल्या नाहीत. उत्तर छापले गेले, प्रश्न फेकून दिला गेला. स्पार्कलच्या ओळींचे मोठे मोल येथे आहे. त्या अटी उघड करतात. एखाद्या इतिहासकाराने स्त्रियांचे लेखन का गाळले, हे त्याच्या ग्रंथातून शोधून काढायला एक पिढी लागते. पृच्छेत ते कोणत्या ओळीने गळले हे बोट ठेवून दाखवता येते, ती ओळ बदलता येते आणि उत्तर कसे पालटते ते पाहता येते. समीक्षेला याहून उपयुक्त साधन क्वचित लाभले असेल. ज्यांनी गाळण्याचे राजकारण उघड करण्यात आयुष्य घालवले, त्यांनीच हे साधन परके मानावे, हे दुर्दैव आहे.

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. त्या सूचीला कोणी 'निव्वळ तांत्रिक काम' म्हटले नाही. मराठी विद्येचा तो पाया आहे हे सर्वांनी मानले. आज तो पाया त्रिपदी विधानांत नव्याने घातला जात आहे. शोधयंत्रे आणि उत्तरे देणारी यंत्रे अशा साठ्यांवरूनही शिकत आहेत, आणि मराठी शिकणारा विद्यार्थी उद्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी त्यांनाच विचारणार आहे. त्याला मिळणाऱ्या उत्तरात 'सुमारास' हा शब्द असेल की नाही, ओवी गाणारी असेल की नाही, 'ख्रिस्तपुराण' मराठीचे असेल की नाही, हे आज लिहिल्या जाणाऱ्या ओळींवर अवलंबून आहे.

म्हणून दोन मागण्या अनिवार्य ठरतात. जो अभ्यासक पृच्छेच्या आधारे निष्कर्ष मांडतो, त्याने ती पृच्छा संपूर्ण छापावी, आणि कोणत्या अटींमुळे काय गळले असेल याचे उत्तर द्यावे. त्याविना त्याचे आकडे समीक्षेने विचारात घेऊ नयेत. आणि समीक्षकाने पृच्छा वाचायला शिकावे, जशी त्याने मोडी वाचायला शिकणे एके काळी अपेक्षित होते. मोडी न येणाऱ्याला दप्तरातील कागद जसे मुके होते, तशी पृच्छा न वाचता येणाऱ्याला ही उत्तरे मुकी राहणार. आणि तो त्यांच्यावर विश्वास ठेवील किंवा अविश्वास दाखवील, त्यांची तपासणी मात्र त्याला करता येणार नाही.